गोजरजिजी, तो शब्द माझा होता

जिजी, काल तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. मी आले होते. जनावरांच्या दवाखान्याच्या दाराला 'दौऱ्यावर' अशी पाटी अडकवली आणि स्कूटर काढली. इतक्या वर्षांत तुझ्या घरी मी नुसती पाहुणी म्हणून कधी आलेच नाही. दर वेळी शेळीसाठी आले, हातात औषधाचा डबा आणि डोक्यात पुढच्या गावाची घाई. काल पहिल्यांदा रिकाम्या हाताने आले, तर तू नव्हतीस. तुझ्या सुनेने, मनीषाने, ओट्यावर सतरंजी टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ती कामाला गेली.

तुझ्याशी माझं एक भांडण अर्धं राहिलंय आणि एक गोष्ट सांगायची पूर्णच राहिलीय. भांडण वारेचं, शेळी व्याल्यावर पडते त्या जाराचं; ते तुला पाठ आहे. गोष्ट त्या शब्दाची, जो माझ्या तोंडून निसटला आणि तू आपल्या नावावर घेतलास. त्या दिवसानंतर गावातल्या बायका शेळ्यांचं दुखणं मला सांगायच्या बंद झाल्या. तू होतीस तोवर तू सांगत होतीस, म्हणून माझं निभावलं. आता कोण सांगणार? काल तुझ्या ओट्यावर बसून मी तुझ्या आठवणीने रडत होते हे खरं, पण या प्रश्नासाठीही रडत होते, हेही तितकंच खरं.

आपली पहिली भेट तुला आठवत असणारच, तू काही विसरायचीस थोडीच. मी सांगलीकडची, शहाद्याला येऊन जेमतेम महिना झाला होता, तुमची अहिराणी कानावर पडायची पण आत शिरायची नाही. शेळ्यांना लस टोचायला तुमच्या गावात आले. तक्त्यात एक रकाना होता: शेळीची आई, माहीत असल्यास. सगळीकडे मी तिथे आडवी रेघ मारत आले होते. तुझ्याकडेही मारणार होते, तर तू माझा हात धरलास.

"रेघ नको मारू. लिख. ही परकाशावाली. हिन्ही माय शेवंताघरनी. तिन्ही माय सारंगखेडानी, मन्हा दाल्लानी आनेल."

तुझ्या दाल्ल्याने, म्हणजे नवऱ्याने, सारंगखेड्याहून एक शेळी आणली होती. तो गेला, शेळी राहिली. तिची पिलावळ तू निम्म्या वाट्याने घरोघरी दिलीस. शेळी दुसरीच्या गोठ्यात वाढायची, पिल्लं दोघींत वाटायची. गावातल्या सुना जशा माहेरच्या गावाच्या नावाने ओळखल्या जातात, तशा तुझ्या शेळ्या ज्या गोठ्यात जन्मल्या त्या गोठ्याच्या नावाने. विकली गेली, चार घरं फिरली, तरी नाव माहेरचंच. मी अर्धा तास लिहीत होते. माझा रकाना भरला, उलट्या बाजूचा कोरा कागद भरला, आणि तू अजून तिसऱ्या शेळीपर्यंतच पोचली होतीस. मी चिडले. "जिजी, एवढं नको मला," म्हणाले. "नही पाहिजे तं कागदवर इचारं काबरं?" तू म्हणालीस. समोरचा बरोबर असला की मी आणखी चिडते, हे तुला पहिल्याच दिवशी कळलं.

ती यादी किती मोलाची आहे हे मला पुढे कळलं. शेळ्यामेंढ्यांमध्ये अंग घासत राहणं, झोकांड्या जाणं, खाऊनपिऊन खंगत जाणं असं दिसलं तर कळवायचं आणि नमुना पाठवायचा, असं काम माझ्याकडे आलं. आजाराचं नाव स्क्रेपी. तुला मी तो तुझ्याच अंगणात, खाटेवर बसून समजावला होता. हा जंतू नाही आणि विषाणूही नाही. अंगातलंच एक प्रथिन चुकीची घडी घेऊन बसतं आणि शेजारच्यांनाही तशीच घडी घालायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात. ते जिवंत नसतं, म्हणून उकळून मरत नाही. मातीत पडलं तर वर्षानुवर्षं राहतं. शेळी व्याली की वारेतून, त्या ओल्या जागेतून, पिल्लाला आणि गोठ्यातल्या बाकीच्यांना लागतं, आणि लक्षणं दिसायला पुढची दोन-चार वर्षं जातात. लस नाही, औषध नाही. खात्री करायची तर जनावर गेल्यावर मेंदूचा तुकडा तपासावा लागतो. एक जरी सापडली तरी तिच्या आईची सगळी शाखा आणि गोठ्यातल्या सोबतिणी शोधून काढाव्या लागतात.

तू सुपारी चघळत ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मंजे रोग माहेरथून येस."

कॉलेजात हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले होते, आणि पाठ्यपुस्तकात ते इतकं सरळ लिहिलेलं नव्हतं. मी आपल्या जिल्ह्यात हा आजार आजवर पाहिलेला नाही. पण 'नाही' असं छातीठोकपणे म्हणायचं तर कुणीतरी रोज बघत राहावं लागतं. ते बघणं माझ्या एकटीच्या हातचं नव्हतं, आणि गावात बघणारी तू होतीस.

तुझी बघायची रीत मी पुढे दुसऱ्या गावांत शिकवली, तुझं नाव न घेता. चुकलंच ते. मी गोठ्यात शिरले की शेळीला धरायचे, डोळे बघायचे, ताप बघायचे. तू म्हणालीस, "बकरी नको देखू. कूड देख, खांब देख." शेळी माणसासमोर शहाण्यासारखी उभी राहते, पण खाज सुटली की ती रोज एकाच जागी अंग घासते, तो खांब गुळगुळीत होतो, कुडाच्या काडीत केस अडकतात. तू गल्लीतून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जायचीस आणि दोन्ही बाजूंचे खांब वाचत जायचीस. संध्याकाळी शेळ्या पाटावरून परत यायच्या तेव्हा तू मुद्दाम मागून चालायचीस. मागचे पाय कसे पडतात ते मागूनच दिसतं. मी पदवीधर बाई, मी आयुष्यभर शेळ्यांच्या तोंडाकडे बघत आले होते!

आता वारेचं भांडण. लोक गाई-म्हशींची वार वडाला टांगतात, चिकाच्या झाडाला टांगली की दूध उतरतं म्हणून. तुझ्या सासूने ते शेळ्यांनाही लावलं आणि तू गावभर केलंस. पाटाकडेच्या त्या वडाला वारा लटकायच्या आणि त्याच वडाच्या सावलीत दुपारी गावच्या सगळ्या शेळ्या बसायच्या. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एवढी मोठी जमीन सोडून नेमकी जिथे सगळ्या बसतात तिथेच वरून गळू द्यायचं! मी ओरडले, तू ओरडलीस. "तुन्हा कागदमा लिखेल शे म्हनीसन मन्ही सासू खोटी पडनी का?" असं तू म्हणालीस आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

पाचव्या दिवशी तूच फोन केलास. "मातीमा कितला साल राहस ते?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, खूप वर्षं, कुणी नेमकं सांगू शकत नाही. पुढची शेळी व्याली तेव्हा तू गोठ्यापासून लांब, कुंपणाच्या कोपऱ्यात, हातभर खड्डा खणलास, चुना टाकलास, वार पुरलीस आणि वरून रुईची एक फांदी रोवलीस. रुईलाही चीक असतो. सासूचं ऐकलं आणि माझंही ऐकलं. मी म्हटलं, "फांदीची काही गरज नाही." तू म्हणालीस, "माले शे." पुढच्या मोसमात गावातल्या निम्म्या घरांच्या कोपऱ्यात रुईच्या फांद्या दिसायला लागल्या. मी कितीही भित्तिपत्रकं चिकटवली असती तरी हे झालं नसतं. पण फांदी हवी की नको हे भांडण आपण शेवटपर्यंत चालू ठेवलं. आज कबूल करते, मला त्यात मजा यायची.

मग भुरी आजारी पडली. भुरी तुझी लाडकी, सारंगखेड्याच्या शेळीची नात. तिने खांबाला घासून कमरेवरचे केस घालवले होते, ती खंगली होती, चालताना एका अंगाला कलायची. मी तिच्या कमरेवर बोटांनी खाजवलं तर ती मान वळवून ओठ चाटायला लागली, हवेत चावायला लागली. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतीस आणि मी काही बोलायच्या आतच म्हणालीस, "तेच शे का?"

भुरी तिसऱ्या दिवशी गेली. नमुना घ्यायला मी आले तेव्हा मला वाटलं होतं तू घरात जाशील. तू गेली नाहीस. मानेच्या मागून, कवटी न फोडता, लांब दांड्याच्या चमच्याने मेंदूच्या देठाचा तुकडा काढतात. तू भुरीचं डोकं दोन्ही हातांत, माझे रबरी हातमोजे घालून, घट्ट धरलंस. तुकडा बाटलीत पडल्यावर तू तो उजेडाकडे धरून पाहिलास.

"इतलासा तुकडा सगयं सांगी?"

"सांगेल," मी म्हटलं.

मग आपण दोघींनी तिला खोल पुरलं, चुना टाकून. तू मला यादी सांगितलीस: भुरीची आई, बहिणी, मुली, कुठल्या घरी कोण, कोण कुणाबरोबर व्याली. एका नावावर तू अडखळलीस. ती शेळी शेवंताबाईकडे होती. शेवंताबाई तुझी समोरची शेजारीण, तुझी जिवाभावाची मैत्रीण. दोघींची दारं समोरासमोर. तरी तेही नाव तू सांगितलंस. मला वाटतं, कुठल्याही अधिकाऱ्याने त्या जागी ते नाव गाळलं असतं.

आपलं ठरलं होतं की निकाल येईपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही. मी त्या सगळ्या शेळ्यांना जंताचं औषध पाजलं आणि औषध पाजलंय म्हणून इतके दिवस विकू नका, कापू नका, असं सांगितलं. ते खरंही होतं. बायकांनी ऐकलं. सगळं नीट चाललं होतं.

आणि मग मी दवाखान्याच्या ओसरीत उभी राहून फोनवर वरिष्ठांशी बोलले. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. मी फोनवर बोलते तेव्हा फोनची गरज नसते. मी म्हणाले, "हो सर, मेंदूचाच दिसतोय. गावातला सगळा वंश काढावा लागेल. आणि मी असते तर ते मटण खाल्लं नसतं." हा आजार माणसाला होतो असा पुरावा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी ते शेवटचं वाक्य मी बोलले, घाबरलेल्या माणसाला काहीतरी मोठं बोलावंसं वाटतं म्हणून. मागे वळले तर दाखल्यासाठी आलेला बकऱ्यांचा एक व्यापारी बाकावर बसलेला. त्याने माझ्याकडे पाहिलं, दाखला न घेताच उठला आणि मोटरसायकलला किक मारली. निकाल लागेपर्यंत संशयाचा उच्चार करू नये, हा धडा मी प्रशिक्षणात दुसऱ्यांना शिकवते!

पुढच्या बाजारात तुमच्या गावच्या बोकडांना कुणी हात लावला नाही. औषध न पाजलेल्या घरांच्याही नाही. शेवंताबाईने दुसऱ्या एका शेळीचा बोकड वर्षभर हाताने चारून वाढवला होता. तो तिने नेला तसा परत आणला, आणि काळी-पिवळीवाल्याने 'मेंदूवाला बोकड' म्हणून गाडीत घेतला नाही, तेव्हा भर उन्हात दोरी धरून चालत आणला. संध्याकाळी मी औषधाच्या बाटल्या घेऊन गावात आले तर मारुतीच्या पारावर बायका जमलेल्या. शेवंताबाईचे पाय धुळीने माखलेले होते.

"घरनी गोट भायेर कशी गयी?" घरची गोष्ट बाहेर गेलीच कशी, म्हणून ती जाब विचारत होती. "बाजारवायाले कोनी सांगं?"

मी पुढे आले. सांगणार होते, जिजी. निदान तसं मला वाटायला आवडतं. ते आपल्या दोघींनाच माहीत होतं, त्यामुळे कोण बोललं ते तुला कळलंच होतं; माझं तोंड उघडायच्या आधी तू बोललीस.

"मी सांगं. मन्हं तोंड आवरनं नही."

सगळ्या तुझ्याकडे वळल्या. शेवंताबाईने तुला काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. तू मान खाली घालून ऐकलंस. मी दोन हातांवर होते, कडेला बाटल्यांची पिशवी, आणि मी एक अक्षर बोलले नाही.

परत जाताना मी तुला पाटाच्या वळणावर गाठलं आणि भांडले. लाज वाटली की मी भांडते. "कुणी सांगितलं होतं तुला असला शहाणपणा करायला?" असं काहीतरी बरळले. तू शांतपणे म्हणालीस, "मन्हावर रागावतीन तं काय, मी आठेच शे, त्या बी आठेच शेतस. तुन्हावर रागावन्यात तं तू बदली करी निंघी जाशी. मंग बकऱ्या कोन देखी?"

निकाल आला. प्रायॉन आढळला नाही. मेंदूला सूज होती, पण वेगळ्याच जंतूची, कुजलेल्या चाऱ्यातून येणाऱ्या. तू पुरुषोत्तमनगरकडून आणलेलं उसाचं वाढं ढिगात सडलं होतं, त्यातून आलं असावं. आणि खाज होती ती साध्या खरजेची. दोन साधी दुखणी एका अंगावर आली आणि मी त्यांतून तिसरं, भयंकर, बनवलं. वैद्यकात असं होतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. निकाल मी तुला फोनवर सांगितला, यायचं धाडस झालं नाही. तू म्हणालीस, "भुरीनं नाव तं चोखं झायं." आणि लगेच, "वाढं मी आननू. मन्ही चूक." मी म्हटलं, अगं, ते कुणालाही कळलं नसतं. चूक कबूल करायला तुला श्वासही घ्यावा लागत नसे.

मी निकालाचा कागद पारावर चिकटवला. कोण वाचतंय! बातमी मोटरसायकलवरून गेली होती, निकाल पायी आला. बोकड पुढे विकले जायला लागले, पण तुझ्यावरचा राग गेला नाही. बायकांनी निम्म्या वाट्याच्या शेळ्या तुझ्या दारात परत आणून बांधल्या. पोरंसोरं तुला 'सीआयडी' म्हणायला लागली. दुखणं सांगितलं की बाजार बुडतो, म्हणून बायका मलाही काही सांगेनात. शेवंताबाईने तुझ्याशी बोलणं सोडलं. दार समोर, पण तू अंगणात आलीस की ती आत जायची. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कोपऱ्यातल्या रुईच्या फांद्या एकेक करत वाळून गेल्या आणि वडाला पुन्हा वारा लटकायला लागल्या. तू शिकवलेलं नको, म्हणून. माझ्या एका वाक्याने एवढं केलं.

दोन वर्षं तू एकटीने गाव सांभाळलंस. दळणाचा डबा डोक्यावर, नजर खांबांवर. कुणी बोलत नव्हतं तरी खांब होते. तुझा फोन यायचा: "तिसरा घरना खांबले केस शेतस. येई जाय. इचारं तं मन्हं नाव सांग." मी यायचे. बहुतेक वेळा खरूज निघायची, उवा निघायच्या, एकदा धनुर्वात निघाला. एकदा पुन्हा बाटली पाठवली, पुन्हा काही आढळलं नाही. दर वेळी ती घरमालकीण तुझ्या नावाने बोटं मोडायची आणि शेळी बरी व्हायची. आपल्या खात्याच्या भाषेत याला सर्वेक्षण म्हणतात, त्याचे तक्ते असतात, सह्या असतात. तुमच्या गावापुरतं म्हटलं तर ते सगळं तू होतीस. माझ्या प्रत्येक अहवालाच्या खाली माझी सही आहे, आणि आत जे लिहिलंय ते तुझं आहे.

मी तुला एकदा म्हटलं होतं, "जिजी, सांगून टाकते सगळ्यांना." तू शेळीचं आचळ धूत होतीस. वर न बघता म्हणालीस, "आते काय कामनं? नको सांगू." आणि मला हायसं वाटलं. तू नाही म्हणावंस म्हणूनच मी विचारलं होतं, जिजी. पारावर गप्प बसले त्याला घाबरले होते हे कारण तरी आहे. त्या दिवशीच्या हायसं वाटण्याला काही कारण नाही. हे तुला कळलं होतं का? कळलं असणार. तू खांब वाचायचीस, माझं तोंड वाचायला तुला काय लागणार होतं. तरी तू चहा केलास, साखर नेहमीसारखी जास्त टाकलीस आणि फांदीवरून भांडण उकरून काढलंस.

आभार मी तुझे कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. तू माझ्यावर ओरडायचीस, मी तुझ्यावर, आणि त्यात सगळं येतं असं मी धरून चालले होते. येत नाही. माझ्या नोकरीत मला भेटलेल्या सगळ्या माणसांत तू सर्वांत चांगली निरीक्षक होतीस, सर्वांत सरळ होतीस, आणि तुझ्याएवढं धाडस माझ्यात नाही. हे तुझ्या तोंडावर म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "भांग पी उनी का?" तरी म्हणायला हवं होतं.

काल जेवणं झाली. पुरुष मंडळी उठली, बायका ओट्यावर आणि अंगणात मांड्या घालून बसल्या. तुझ्याबद्दल बोलणं चाललं होतं, चांगलंच, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. कुणीतरी म्हणालं, गोजरबाई मनाची चांगली, फक्त तोंडाची हलकी. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. शेवंताबाई दाराशी बसली होती, तिने मान डोलावली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मी उठून उभी राहिले.

मी सांगितलं. फोन कुठे केला, बाकावर कोण बसलं होतं, मी नेमके कुठले शब्द बोलले. पारावर मी कुठे उभी होते. जिजीने कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं, तो शब्द माझा होता. माझी तुटकी अहिराणी आणि सांगलीची मराठी यांची खिचडी झाली, पण सगळ्यांना समजलं. मनीषा आतून भांडं घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

शेवंताबाई उठली. माझ्या अगदी समोर आली.

"दोन साल," ती म्हणाली. "दोन साल मी तिन्हासंगे बोलनू नही. ती मरी गयी तरी बोलनू नही. तुन्हामुये."

"हो," मी म्हटलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. अंगण ओलांडून समोर आपल्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. मग एकेक करून बाकीच्याही उठल्या. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मनीषाने चहा पुढे केला, तो मी घेऊ शकले नाही. मला वाटलं, संपलं. तू दोन वर्षं अंगावर झेलून जे राखलंस ते मी दोन मिनिटांत घालवलं, तेही स्वतःचं मन हलकं करायला. चपला घातल्या, स्कूटर वळवली. ती सुरू होईना, बटण दाबत राहिले.

समोरचं दार उघडलं.

शेवंताबाईचे डोळे सुजले होते. ती माझ्याकडे न बघता तुझ्या ओट्याकडे बघत बोलली. "मन्ही बकरी आठ दिनपासून मांगला पायवर झोकांड्या खाई ऱ्हायनी. खांबले केस बी शेतस." मग थांबून, "गोजरबाई व्हती तं तिनी देखं असतं. आते तू देख."

मी स्कूटर उभी केली आणि तिच्या मागोमाग आत गेले. जिजी, तिने मला सांगितलं. तिने स्वतः, तिच्या तोंडाने, मला सांगितलं.